निवृत्तीच्या बातमीत एक ओळ वाढवा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या वाचकपत्रांच्या पानावर एका गृहस्थांनी विद्यापीठांच्या वार्तापत्रांची चांगली टर उडवली होती. ‘अमुक रुजू, तमुक कार्यमुक्त, ढमुक यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार... हे वाचतं तरी कोण?’ वाचतं कोण ते मला आजही सांगता येणार नाही. लिहितं कोण ते मात्र सांगते. एका विद्यापीठाच्या जैववैद्यकीय विज्ञान विभागात २२ वर्षं ते मी लिहिलं. पदानं वरिष्ठ लिपिक, शिक्षणानं वाणिज्य शाखेची. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, एवढंच ठाऊक असलेली बाई मी. दुसऱ्या पेशीची ओळख विभागात आल्यावर झाली.

त्या गृहस्थांना तेव्हाच उत्तर द्यायचं मनात होतं, पण राहून गेलं. गेल्या महिन्यात रात्री पावणेतीनला असं काही घडलं की आता लिहिल्याशिवाय चैन पडेना. ते शेवटी सांगते.

आमचं वार्तापत्र महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघायचं. दोन पानं. पहिल्या पानावर विभागप्रमुखांचे दोन शब्द (ते कधीच दोन नसत), मग नेमणुका, बढत्या, निवृत्ती, मग कोणाला कोणता निधी मिळाला, कोणाचा शोधनिबंध कुठं आला, कोणाची पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. दुसरं पान प्रशासकीय सूचनांचं. एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव देण्याची शेवटची तारीख, बायोसेफ्टी कॅबिनेटची वार्षिक तपासणी, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) दुरुस्तीसाठी बंद, जैविक कचरा उचलण्याची बदललेली वेळ, आगीच्या कवायतीचा दिवस, जुनी स्वाइप कार्डं जमा करा. पहिलं पान लोक आपलं नाव शोधायला उघडत. दुसरं पान उघडतच नसत. त्याची मला खात्री आहे, कारण एकदा ऑटोक्लेव्हच्या सूचनेत मी चुकून १२१ ऐवजी २१ अंश सेल्सिअस छापलं आणि एकाही जीवशास्त्रज्ञाचा फोन आला नाही. एकवीस अंशाला जंतू मरत नाहीत, सुखानं नांदतात, हे मलाही तोवर कळायला लागलं होतं.

या लिखाणाची एक ठरलेली भाषा असते आणि ती बरंच काही झाकते. ‘रुजू झाल्या’ असं मी लिहायचे तेव्हा त्या बाई फक्त इमारतीत शिरलेल्या असायच्या. माणसाचं रक्त हाताळायचं तर आधी हिपॅटायटिस-बीची लस, आणि तिचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले. सुरक्षेचं प्रशिक्षण, प्राणिगृहात जायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी, चाव्या वेगळ्या, संगणकाचं खातं वेगळं. बातमी एक तारखेची, माणूस खरा कामाला लागायचा पुढच्या हंगामात. ‘प्रभारी’ हा शब्द तर मी एकाच व्यक्तीबद्दल सलग चार वर्षं छापला. प्रभारी प्रमुख रोजच्या कागदांवर सह्या करतात, पण दहा वर्षं चालायचं यंत्र घ्यायचं की नाही हे पुढच्या प्रमुखांवर सोडतात. आणि ‘कार्यमुक्त’. या शब्दावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. माणूस मुक्त होतो, काम कुठं मुक्त होतं? ते तिथंच पडून राहतं, बिनवारशाचं.

आमच्याकडे एक वरिष्ठ तंत्रज्ञ होते. विद्यार्थ्यांपासून प्रमुखांपर्यंत सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचे. एकतीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले. त्यांची बातमी मीच लिहिली, चार ओळींची: प्रदीर्घ सेवा, मनमिळाऊ स्वभाव, निरामय आयुष्यासाठी शुभेच्छा. जायच्या आधी त्यांनी नादेय प्रमाणपत्राचा कागद घेऊन सगळी दारं पालथी घातली. ग्रंथालय, भांडार, लेखा विभाग, सुरक्षा, संगणक कक्ष, प्रमुखांची सही. सातवी आणि शेवटची सही माझी. विभागाचा मोबाइल त्यांच्याकडे असायचा, तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मी पावती दिली, फोन बंद करून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं. काकांकडून विभागाचं काहीही येणं नाही, असं सहीनिशी लिहून दिलं.

पाच महिन्यांनी जोडून तीन सुट्ट्या आल्या. विभागात उणे ऐंशी अंशांचे चार फ्रीझर होते, आम्ही त्यांना ‘मायनस एटी’ म्हणायचो. त्यातल्या एकाचा कॉम्प्रेसर पहिल्याच रात्री बसला. फ्रीझरला अलार्मची पेटी होती. तापमान चढलं की ती आपणहून फोन लावते. पहिला उचलला नाही तर दुसरा, तो नाही तर तिसरा. पेटीनं तिचं काम चोख केलं. पहिला नंबर काकांकडच्या त्या मोबाइलचा. दुसरा एका प्राध्यापकांचा, जे दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या विद्यापीठात गेले होते आणि ज्यांचा नंबर बदलला होता. तिसरा सुरक्षा चौकीचा; तो नवीन एक्स्चेंज बसलं तेव्हा बदलला होता.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. काका निवृत्त झाले, ही बातमी मी छापली होती. प्राध्यापक सोडून गेले, तीही. चौकीचा नवा नंबर दुसऱ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत. तिन्ही गोष्टी विभागाला माझ्या हातानं कळवल्या गेल्या होत्या. त्या पेटीला तेवढं कोणी कळवलं नव्हतं.

सुट्टीनंतर सकाळी मी पोचले तेव्हा पीएचडी करणारी एक मुलगी त्या खोलीत जमिनीवर बसली होती. भोवती पुठ्ठ्याचे डबे, डब्यांत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, नळ्यांवर तिच्या आधीच्या दोघा विद्यार्थ्यांचं अक्षर. नऊ वर्षं तीच माणसं दर सहा महिन्यांनी येऊन रक्त देऊन जात होती, त्यांचा तो रक्तद्रव. डबे ओले होते. ती एकेक नळी उजेडात धरून बघत होती आणि परत जागच्या जागी ठेवत होती. सगळ्या सारख्याच वितळलेल्या असताना जागच्या जागी का ठेवायच्या, असं मी विचारणार होते. विचारलं नाही.

एकदा वितळलेलं परत गोठवता येतं, पण आतल्या नाजूक रेणूंचा भरवसा उरत नाही, असं मला नंतर समजावून सांगण्यात आलं. त्या दिवशी मी काय केलं ते सांगते. कपाट उघडलं, फोन काढला, चार्जिंगला लावला. पंधरा मिनिटांनी तो जिवंत झाला आणि मेसेज यायला लागले. एकाच नंबरवरून चौदा कॉल. शेवटचा पहाटे पाच वाजून दहा मिनिटांचा.

चौकशी समिती नेमली गेली. तिची नेमणूकही मीच छापली. अहवालात ‘मानवी चूक’ असे शब्द आले आणि ‘संबंधितांना समज देण्यात यावी’ असा शेवट. संबंधित कोण ते लिहिलं नव्हतं. मी प्रमुखांकडे फोन घेऊन गेले, चौदा कॉल दाखवले. ते म्हणाले, ‘बाई, तुमचा काय संबंध?’ चांगल्या मनानं म्हणाले. पण माझा संबंध होता. नादेय प्रमाणपत्रावर सातवी सही माझी होती. त्या कागदावर पुस्तकं, ओळखपत्र, चाव्या या सगळ्यांना रकाना आहे. माणसाच्या हातात असलेलं काम आता कोणाच्या हातात, याला रकाना नाही.

पुढच्या अंकापासून मी निवृत्तीच्या आणि सोडून जाण्याच्या प्रत्येक बातमीखाली एक ओळ घालायला लागले: ‘कोणाकडून कोणाकडे’. परवानगी मागितली नाही, कारण मागितली असती तर मिळाली नसती. पहिल्यांदा मागं जाऊन काकांचीच ओळ केली. त्यांना फोन करून विचारलं, काका, तुम्ही नक्की काय काय करत होता? ते हसले. मग दीड तास सांगत होते आणि मी लिहून घेत होते.

नमुने अतिथंड ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनची मागणी बुधवारी दुपारच्या आत गेली नाही तर त्या आठवड्याची गाडी येत नाही. तिसऱ्या खोलीतल्या वॉटर बाथचा आकडा दीड अंश जास्त दाखवतो, म्हणून ३७ हवं असेल तर साडेअडतीसवर लावायचं. मायक्रोटोमची, म्हणजे ऊतींचे पातळ काप करायच्या यंत्राची, पाती कोणत्या खणात आणि त्या खणाची चावी कोणत्या बरणीत. आणि भांडाराच्या मागच्या फळीवर पिक्रिक ॲसिडची एक जुनी बाटली आहे, ऊतींचे तुकडे टिकवण्याचं एक द्रावण करायला पूर्वी लागायची. ते ॲसिड ओलं असतं तोवर शांत, कोरडं पडलं की स्फोटक. काका दर महिन्याला ती बाटली बघायचे आणि पाणी घालायचे. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘आता कोण घालतं?’ पलीकडे काका काही बोललेच नाहीत. त्या बाटलीला आम्ही कोणी हात लावला नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांनी तज्ज्ञ बोलावून ती हलवली. बाटलीची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती. ती काकांच्या डोक्यात होती, आणि काका आमच्या लेखी नादेय होते.

हे आमच्यासारख्या सामान्य विभागातच घडतं असं कोणी समजू नये. १ जुलै २०१४ रोजी अमेरिकेत बेथेस्डा इथं, राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या आवारात, अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेची हलवाहलव चालली होती. तेव्हा शीतखोलीच्या एका वापरात नसलेल्या कोपऱ्यात जुने खोके सापडले. त्यांत देवीच्या विषाणूच्या सहा कुप्या होत्या, १९५०च्या दशकातल्या. देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८० साली जाहीर झालं होतं, आणि हा विषाणू ठेवायची परवानगी पृथ्वीवर दोनच ठिकाणी होती, एक अटलांटात आणि एक रशियात. मला या बातमीतलं सगळ्यात मोठं वाक्य वेगळंच वाटलं. ती प्रयोगशाळा १९७२ साली एका संस्थेकडून दुसरीकडे वर्ग झाली होती. म्हणजे आदेश निघाला असणार, माझ्यासारख्याच कोणीतरी तो टंकित केला असणार, माणसं, टेबलं, खुर्च्या रीतसर वर्ग झाल्या असणार. खोके राहून गेले, ४२ वर्षं.

आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, द्रव नायट्रोजनचा पुरवठा तुटला आणि १६ टाक्यांमधले नमुने गेले. त्यांत रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी तीस वर्षं जमवलेले नमुने होते. त्या टाक्या नायट्रोजनशिवाय चार दिवस तग धरतात, वेळ पाच दिवसांची आली. वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या संस्थेतून जाहीर होतं तिथली ही गोष्ट. वाचून मला जरा हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली.

माझ्या त्या ओळीला विरोधही झाला. प्रमुख म्हणाले, हे वार्तापत्र आहे, भांडाराचं रजिस्टर नव्हे. एका ज्येष्ठ प्राध्यापकांना वाटलं की ते जायच्या आधीच मी त्यांच्या चाव्या मोजते आहे. प्रमुखांचं म्हणणं मात्र मला पटलं. उत्साहाच्या भरात मी एका अंकात सगळ्यांच्या सगळ्या कामांची यादी घातली, पानभर, आणि ती कोणीही वाचली नाही. तेव्हापासून माणसामागे एकच ओळ, आणि त्या ओळीत ज्याच्यावाचून काहीतरी नासेल, फुटेल किंवा अडेल तेवढंच. दुसरी चूक माझी आणखी वाईट होती. एका सहकारी बाईंच्या लांब रजेचं कारण मी बातमीत लिहिलं. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.’ त्यानंतर माणूस का गेला, का रजेवर आहे, हे मी कधी छापलं नाही. विभागाला कारणाची गरज नसते. फ्रीझर कोण बघणार, याची असते.

पण या ओळीनंही जे साधलं नाही ते सांगायला हवं. नियम असा होता की बातमी फक्त आस्थापनेवरच्या कर्मचाऱ्यांची. कंत्राटी तंत्रज्ञ, प्रकल्पावरचे सहाय्यक, प्राणिगृहातली मुलं आली काय नि गेली काय, बातमी नाही. माझ्या शेवटच्या वर्षात कायम तंत्रज्ञ दोन आणि कंत्राटी नऊ होते. हातात पिपेट कोणाच्या असतं ते यावरून ओळखा. त्या नऊंतले सहा वर्षभरात निघून गेले. एक मुलगा जाताना त्यानं वाढवलेल्या पेशींच्या कुप्या नायट्रोजनच्या टाकीत ठेवून गेला आणि नोंदवही घरी घेऊन गेला, कारण ती त्यानं स्वतः विकत आणली होती. त्या कुप्यांवर दोन अक्षरं आणि एक आकडा आहे. आत काय आहे ते आज त्या विभागात कोणालाही सांगता येणार नाही. आता तो जिथं आहे तिथं त्याला फोन केला तर तो सांगेलही, पण तो गेला हीच बातमी नसल्यामुळे त्याचा नंबर शोधायचं कोणाला सुचलं नाही.

पदनाम पाहून माणसाचं काम ओळखायची ही खोड जुनी आहे. व्हिव्हियन थॉमस हे १९३० साली अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात सर्जन अल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधन सहाय्यकाचं, पगारपत्रकावर हुद्दा सफाई कामगाराचा. २९ नोव्हेंबर १९४४ला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हृदयदोषामुळे निळ्या पडलेल्या एका चिमुरडीवर ब्लॅलॉक यांनी शस्त्रक्रिया केली. तिची तयारी प्रयोगशाळेत थॉमस यांनी केलेली होती आणि त्या दिवशी ते ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून सांगत होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली १९७६ साली. व्हँडरबिल्टमध्ये त्या काळी माझ्यासारखं वार्तापत्र निघत असतं आणि ते मी लिहीत असते, तर त्या हुद्द्याकडे बघून मीही त्यांचं नाव गाळलं असतं.

संपादक महोदय, आपणही निवृत्तीच्या बातम्या छापता. फोटो, पुरस्कारांची यादी, ‘भरून न येणारी पोकळी’. पोकळी भरून येते हो, जाहिरात काढली की अर्ज येतात. तुमच्या बातमीदारानं पुढच्या वेळी एकच प्रश्न विचारावा: यांच्या हातातलं काम उद्या सकाळी कोण करणार? उत्तर एका नावाचं आलं तर छापा. ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं आलं तर तेही छापा, मथळ्यात.

आता ती रात्र. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. माझी बातमीही छापून आली, माझ्याजागी आलेल्या मुलानं लिहिली होती, शुद्धलेखन चांगलं होतं. फोटो मोठा झाल्यामुळे ‘कोणाकडून कोणाकडे’ची ओळ मावली नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. गेल्या महिन्यात रात्री पावणेतीनला फोन वाजला. उचलला तर यंत्राचा सपाट आवाज: ‘फ्रीझर क्रमांक दोन, तापमान उणे एकसष्ट.’ त्या सगळ्या प्रकारानंतर अलार्मच्या यादीत दुसरा नंबर मी स्वतःचा घातला होता. मी अंधारात बसून चौकीचा नंबर लावला. तो मला तोंडपाठ आहे. पहारेकरी धावत गेला. कोणीतरी संध्याकाळी दार नीट न लावता गेलं होतं, बर्फानं फट धरली होती. दार लागलं, पहाटे पाचपर्यंत काटा सत्तरच्या खाली गेला. मी तोवर जागीच होते.

सकाळी विभागात फोन केला. म्हटलं, अरे, पहिला नंबर कोणाचा आहे ते बघ, कारण त्यानं उचलला नाही म्हणून तो माझ्याकडे आला. आणि माझा नंबर काढून तुमच्यापैकी कोणाचा तरी घाला. मुलगा फार अदबीनं बोलला. म्हणाला, ‘मॅडम, नोंद घेतली. पुढच्या वार्तापत्रात छापतो.’

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक
(नाव व विद्यापीठ छापू नये, ही विनंती.)